मिडल-अर्थ: चाहत्यांनी केलेली की कोट्यवधींची?

उपवनकर | शुक्रवार, रात्री १०.५०

गेल्या शनिवारी पावसाने ट्रेकचा बेत बुडवला, म्हणून भाच्याच्या आग्रहाखातर सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून 'बॉर्न ऑफ होप' पाहिला. केट मॅडिसन या ब्रिटिश बाईंनी २००९ मध्ये केलेली सव्वा तासाच्या आतबाहेरची फॅन फिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेने केलेला सिनेमा. पुढे राजा होणाऱ्या ॲरागॉर्नच्या आईवडिलांची, गिल्रेन आणि ॲराथॉर्नची गोष्ट. मिडल-अर्थ हे कल्पित जग रचणाऱ्या टॉल्किनने ती 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या परिशिष्टात काही परिच्छेदांत सांगून सोडून दिली आहे. बाईंनी स्वतःच्या साठवणीतले आठ हजार पौंड घातले, बाकीचे लोकांकडून गोळा केले. सगळा खर्च साधारण पंचवीस हजार पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने १८-२० लाख रुपये. दिग्दर्शन त्यांचं, निर्मिती त्यांची, वर एक भूमिकाही त्यांनीच केली.

दुसऱ्या दिवशी त्याच जगावरच्या ॲमेझॉनच्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेचे दोन भाग पाहिले. तिच्या पहिल्या पर्वालाच साडेसेहेचाळीस कोटी डॉलर लागले म्हणतात. डोळे दिपले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवत राहिली ती गिल्रेन.

तर प्रश्न असा: एवढ्या मोठ्या पुस्तकांना न्याय कोण देतं? पुस्तक उराशी धरून बसलेले चाहते, की ज्यांच्याकडे ते सगळं उभं करायची ऐपत आहे ते?

विचारायला कारणही आहे. भाचा आणि त्याचे चार मित्र दिवाळीपर्यंत स्वतःची पंधरा मिनिटांची फिल्म करायची म्हणतायत. मराठीत. सुरुवातीलाच युद्ध हवंय त्यांना.

---

मासुंदा | शुक्रवार, रात्री ११.०५

रुमाल टाकून ठेवते. उद्या सविस्तर लिहीन.

---

घोडबंदर_एक्सप्रेस | शुक्रवार, रात्री ११.३०

उपवनकर, मनापासून असहमत.

पीटर जॅक्सनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर केलेल्या तीन सिनेमांतला तिसरा भाग मी कॉलेजात असताना ठाण्यात एकपडदा थिएटरमध्ये पाहिला. पेलेनॉरच्या माळावर रोहनचे घोडेस्वार येऊन थांबतात, त्यांचा राजा थिओडेन रांगेपुढून भाल्यांवर तलवार फिरवत जातो आणि मग सगळे सुटतात, तेव्हा माझ्या शेजारचा अनोळखी माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला होता. मीही उठलो. पुस्तकातलं ते पान वाचताना जे झालं होतं, तेच तिथे झालं. ती धाव पैशाशिवाय होत नाही. घोडे लागतात, स्वार लागतात, त्यांना महिनोन्महिने सांभाळावं लागतं. तिन्ही भाग मिळून २८ कोटी डॉलर लागले आणि त्यातला प्रत्येक डॉलर पडद्यावर दिसतो. ११ नामांकनं आणि ११ ऑस्कर त्या तिसऱ्या भागाला उगाच मिळाली नाहीत.

आणि एक विसरू नका. या फॅन फिल्म दिसतात कशा? जॅक्सनच्या सिनेमासारख्या. तेच झगे, तशाच तलवारी, तसंच संगीत. त्याने आधी ते जग उभं केलं म्हणून यांना त्यात राहायला जाता आलं.

---

खाडीपलीकडे | शनिवार, सकाळी ७.१५

एक्सप्रेसराव, शेवटचा मुद्दा एकदम बरोबर. पण तो जॅक्सन कुठून आला ते बघा. त्याचा पहिला सिनेमा, १९८७ चा, मित्रांना घेऊन सुट्टीच्या दिवशी शूट करत चार वर्षं चालला होता. मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले होते. आईने जेवणाला काय केलं असेल त्या दिवशी, देव जाणे :)

मोठ्या सिनेमातलं चिलखतही शेवटी हातानेच झालंय. प्लॅस्टिकच्या नळीच्या चकत्या कापायच्या, त्या कड्या एकात एक ओवायच्या, वर धातूचा मुलामा. माणसं वर्षानुवर्षं ओवत बसली होती.

मी स्वतः एक केलंय. पुतणीच्या गॅदरिंगसाठी, कळव्याच्या घराच्या गॅलरीत बसून. १६ गेजची ॲल्युमिनियमची तार आणायची. ८ मिलिमीटरच्या सळईवर स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळायची. कटरने उभी कापली की कड्या सुटतात. मग दोन पक्कडी घेऊन प्रत्येक कडी चार कड्यांतून ओवून बंद करायची. टोकं नीट टेकली पाहिजेत, नाहीतर कपड्यात अडकतात आणि धागे ओढतात. बोटं काळी होतात, साबणाने जात नाहीत. ऑफिसातून आल्यावर रोज दीड तास धरला तर अर्ध्या बाह्यांच्या एका अंगरख्याला तीन महिने गेले. मुलगी ते घालून स्टेजवर चालली तेव्हा जो आवाज आला, खळखळ नाही, सळसळ, तो ऐकून मागच्या रांगेतली पोरं गप्प झाली.

दिवाळीपर्यंत पाच चिलखतं होणार नाहीत. मुलांना आधी हा हिशोब सांगा.

---

गवतीचहा | शनिवार, सकाळी ९.४०

काका, काय सुंदर लिहिलंय! सळसळ अगदी ऐकू आली.

लवकर हवं असेल तर जाड दोरा किंवा लोकर घेऊन सुयांवर नुसता उलट-सुलट टाका विणायचा आणि कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फिरवायचा. दहा फुटांवरून कड्याच वाटतात. नेरूळच्या आमच्या शाळेत नाटकांसाठी मी दर वर्षी हेच करते.

झग्यांचं म्हणाल तर भाड्याने मिळणारे चकचकीत पॉलिस्टरचे अजिबात आणू नका. कॅमेऱ्यात ते लगेच कळतं, वाऱ्यावर भलतंच उडतं. घोंगडी घ्या. धनगरी घोंगडीला वजन असतं, ती खांद्यावर बसते, माणसाची चाल बदलते. ज्याने दोन तास घोंगडी पांघरलीय तो थकलेला दिसतोच, अभिनय करावा लागत नाही.

---

सई_सीवूड्स | शनिवार, दुपारी १२.१०

धाग्याच्या विषयाला धरून: 'हंट फॉर गॉलम' कुणी पाहिलीय का? तीही २००९ चीच, क्रिस बूशार्डची. ४० मिनिटांच्या आत संपते, आणि खर्च तीन हजार पौंडांच्या आसपास. त्या वेळचे सव्वादोन लाख. आजकाल लग्नाच्या व्हिडिओला एवढे जातात. त्यातही गोष्ट पुस्तकाच्या कडेचीच आहे: जादूगार गँडाल्फ ॲरागॉर्नला गॉलम या अंगठीने झपाटलेल्या जिवाच्या मागावर पाठवतो तो भाग.

दोन्ही फिल्म करणाऱ्यांनी मुख्य कथेला हातच लावला नाही. मोठ्या सिनेमाला जिथे थांबायला वेळ नव्हता, तिथे ते जाऊन बसले. मला वाटतं त्यांचं यश त्यात आहे. पैसे कमी म्हणून नव्हे, जागा नेमकी निवडली म्हणून.

---

घोडबंदर_एक्सप्रेस | शनिवार, दुपारी १२.२५

सई, हे पटलं. पण मग तो न्याय परिशिष्टाला झाला. पुस्तकाला नाही.

---

मासुंदा | शनिवार, दुपारी ३.००

आले.

माझं माहेर सावंतवाडीजवळ. लहानपणी जत्रेत रात्र-रात्र दशावतार पाहिलाय. देवळापुढचं अंगण आणि एक बाकडं. बाकड्यावर राजा बसला की ते सिंहासन, त्यावर चढून उभा राहिला की डोंगर. नट स्वतःचा पेटारा घेऊन येणार, स्वतःच तोंड रंगवणार, संहिता नाही, संवाद उभ्या-उभ्या रचायचे. आणि पहाटे चारला दोन राजे समोरासमोर आले की बायका मांडीवरच्या पोरांना उठवून बसवायच्या, 'बघ, युद्ध आलं.' दोनच माणसं असायची. आम्हाला अक्षौहिणी दिसायची.

महाकाव्याला भव्यता लागते हे मान्य, पण ती बघणाऱ्याच्या मनात उभी करता येते. त्याला पैशाऐवजी दुसरं काही लागतं: समोरच्या नटाचा त्या गोष्टीवर पूर्ण विश्वास. फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते, आणि लोकांनी मनोभावे पाहिलंच ना?

एक्सप्रेस, तुमच्या शेजारचा माणूस उभा राहिला तो घोड्यांमुळे की थिओडेनच्या चेहऱ्यामुळे?

---

घोडबंदर_एक्सप्रेस | शनिवार, दुपारी ३.४०

दोन्हींमुळे, ताई. चेहरा आधी, हे कबूल. पण घोडे नसते तर आम्ही बसूनच राहिलो असतो.

---

दुर्वांकुर | शनिवार, संध्याकाळी ६.२०

मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातल्या संगणकी दृश्यांच्या कामात आहे, नऊ वर्षं झाली. मोठ्या परदेशी मालिकांचं बरंच काम आपल्याकडे होतं. त्यामुळे 'कोट्यवधी जातात कुठे' यावर थोडं आतून लिहितो.

कलाकाराला पार्श्वभूमीपासून वेगळं कापून काढायचं, याला रोटो म्हणतात. सेकंदाला २४ फ्रेम. दहा सेकंदांचा शॉट म्हणजे २४०. वाऱ्यावर केस उडत असतील तर बट न् बट, फ्रेमगणिक. एकदा एका योद्ध्याच्या वेणीवर मी अकरा दिवस घालवले. पडद्यावर तो शॉट चार सेकंदांचा होता. आईला दाखवायला टीव्हीपुढे बसवलं तर ती म्हणाली, 'यात तू काय केलंस?' काम चांगलं झाल्याची तीच खूण असते, तरी घशात काहीतरी अडकलं.

त्या प्रोजेक्टच्या शेवटच्या दोन महिन्यांत रोज पहाटे घरी जायचो आणि जादा तासांचा पैसा आला नाही. स्टुडिओचं नाव लिहीत नाही. पण मोठं बजेट म्हटलं की मला त्या वेण्या आठवतात. तेही प्रेमाचंच काम असतं हो. आमच्यातले निम्मे लोक टॉल्किन वाचून या धंद्यात आलेत. चाहते एकीकडे आणि पैसेवाले दुसरीकडे, अशी वाटणी मला करता येत नाही.

मुलांसाठी तीन गोष्टी. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एडिटिंग आणि रंगासाठी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. हिरवा पडदा टाळा, खरी जागा शोधा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज. कमी पैशांची फिल्म चित्राने मार खात नाही, आवाजाने खाते. घोडबंदर रोडपासून एक किलोमीटर आत शिरलात तरी ट्रकचा घरघराट येतो. संवाद नंतर घरी डब करा. कपड्यांचं कपाट उघडायचं, दोन्ही दारांवर गोधड्या टांगायच्या आणि आत तोंड करून बोलायचं. मी सांगतो, स्टुडिओ झक मारतो.

---

अनामिक_वाचक | शनिवार, संध्याकाळी ६.३२

दुर्वांकुर, तुमच्या आईला माझा नमस्कार आणि त्या वेणीला पण :)

---

उपवनकर | शनिवार, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार. भाच्याला धागा वाचून दाखवतोय. चिलखताच्या हिशोबावर जरा शांतता पसरली आहे.

दुर्वांकुर, तुमचा प्रतिसाद वाचून मी वर केलेली मांडणी चुकली असं वाटतंय. मालिकेत मला गिल्रेन सापडली नाही म्हणून मी पैशाला बोल लावला.

मुलं येऊरला शूट करायचं म्हणतायत. कुणाला अनुभव?

---

खाडीपलीकडे | शनिवार, रात्री ९.२०

येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. वनखात्याची परवानगी लागते, आणि बिबटे आहेत, ही काही गंमत नाही. संध्याकाळनंतर पोरांना झाडीत तलवारी घेऊन फिरवू नका. खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी असते, तिकडचाही विचार नको.

---

पारसिक | रविवार, सकाळी १०.१५

कुणी कायद्याचं बोललं नाही म्हणून मी लिहितो. वकिली करतो, पण हा सल्ला समजू नये, माहिती समजा.

टॉल्किन १९७३ मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन भारतात २०३४ च्या सुरुवातीला मोकळं होईल. ब्रिटनमध्ये ही मुदत ७० वर्षं आहे. तोवर फॅन फिल्म हक्काने होत नाही, हक्कदारांच्या मेहेरबानीने होते. सईंनी उल्लेख केलेली 'हंट फॉर गॉलम' पंधरा वर्षं यूट्यूबवर सुखाने नांदत होती. २०२४ च्या मे महिन्यात वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या स्टुडिओने त्याच नावाचा सिनेमा जाहीर केला आणि ही फिल्म हक्कभंगाच्या तक्रारीवरून खाली उतरली. चाहत्यांनी आरडाओरडा केला तेव्हा परत आली. वॉर्नरने एका इटालियन गटाचा 'हॅरी पॉटर'मधल्या व्होल्डेमॉर्टवरच्या फिल्मसाठीचा वर्गणी गोळा करण्याचा उपक्रमही आधी थांबवला होता. पैसे कमवायचे नाहीत असं ठरल्यावर ती झाली आणि २०१८ मध्ये यूट्यूबवर आली.

त्यामुळे एक रुपयाही कमवू नका, जाहिराती लावू नका, मूळ सिनेमाचं संगीत वापरू नका, आणि ही चाहत्यांची बिनधंद्याची फिल्म आहे हे सुरुवातीलाच लिहा. याने पूर्ण संरक्षण मिळत नाही, पण हेतू स्पष्ट राहतो.

अवांतर: मोकळं काही हवं असेल तर नाथमाधवांची 'वीरधवल' कादंबरी घ्या ना. ते १९२८ मध्ये गेले, हक्काचा प्रश्नच नाही. सिंहगडावरून पडून कमरेखालचं शरीर लुळं झालेल्या माणसाने ती सगळी अद्भुत दुनिया लिहिली. माझ्या आजोबांनी ती आम्हाला रोज रात्री एक प्रकरण अशी वाचून दाखवली. तिच्यावर कुणीतरी प्रेमाने काम करावं, असं फार वाटतं.

---

सई_सीवूड्स | रविवार, सकाळी ११.००

'वीरधवल'साठी वेगळा धागा काढा पारसिक, मी येते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून वाचली होती, एका बैठकीत.

आणि एक्सप्रेस म्हणाले की सगळ्या फॅन फिल्म जॅक्सनची नक्कल, त्यावर: १९९१ मध्ये लेनिनग्राडच्या टीव्हीवर पुस्तकाच्या पहिल्या भागाचं रूपांतर झालं होतं, 'ख्रानितेली' नावाचं. ती चाहत्यांची फिल्म नव्हे, पण पैशाच्या नावाने तशीच. वाटलं होतं हरवलं, २०२१ मध्ये यूट्यूबवर आलं. सेट बघवत नाहीत. पण ते जग कुणाचंच उसनं नाही, आणि त्यात पुस्तकातला टॉम बॉम्बाडिल आहे, ज्याला जॅक्सनने वगळलं होतं. भाषा कळत नसून मी दोन्ही भाग पूर्ण पाहिले.

---

घोडबंदर_एक्सप्रेस | रविवार, सकाळी ११.३०

पाहतो आज.

---

मासुंदा | रविवार, दुपारी ४.१०

उपवनकर, मुलांसाठी एक सुचवू? काल रात्री पुस्तक काढून ते परिशिष्ट पुन्हा वाचलं.

गिल्रेन म्हातारी झाल्यावर रिव्हेंडेल हे एल्फांचं ठिकाण सोडून आपल्या माणसांत परत जाते, एकटी राहते. ॲरागॉर्न सारखा दूर मुलखात. एकदा तो भेटायला येतो आणि निघताना ती सांगते की ही आपली शेवटची भेट. काळजीने आपण लवकर म्हातारं झालो, पुढचा काळोख आता बघवणार नाही. तो समजावतो, काळोखापलीकडे उजेड असेल, आणि तो तू पाहावास. ती एका ओळीत उत्तर देते: लोकांना मी आशा दिली, माझ्यासाठी काही ठेवली नाही. पुढचा वसंत यायच्या आत ती जाते.

एक खोली, दोन माणसं, एक दिवा. चिलखत नाही, घोडे नाहीत, बिबटे नाहीत. जॅक्सनच्या सिनेमात या बाईच्या वाट्याला फक्त समाधी आली, तीही विस्तारित आवृत्तीत, आणि रिव्हेंडेलमध्ये, जिथून ती निघून गेली होती.

---

घोडबंदर_एक्सप्रेस | रविवार, दुपारी ४.२५

हे करा. मी सगळे मुद्दे मागे घेत नाही, पण हे करा. युद्ध बघायला मी थिएटरात जाईन, हे बघायला तुमच्या हॉलमध्ये येईन.

---

गवतीचहा | रविवार, संध्याकाळी ५.००

डोळ्यांत पाणी आलं. फक्त मराठीत करताना एक अडचण: ॲरागॉर्नचं लहानपणीचं नाव एस्टेल, म्हणजे आशा. ती ओळ या नावावरच उभी आहे. आपल्याकडे 'आशा' म्हटलं की मुलीचं नाव. मुलाला आई आशा म्हणून हाक मारतेय हे बसणार नाही.

---

मासुंदा | रविवार, संध्याकाळी ५.२०

हाक 'एस्टेल'च राहू दे. सुरुवातीला तिच्याच तोंडी एक वाक्य घालायचं: 'तुझं नाव ठेवलं तेव्हा विचारलं होतं मी, याचा अर्थ काय. आशा, म्हणाले.' मग शेवटची ओळ आपोआप पोचेल.

---

दुर्वांकुर | रविवार, संध्याकाळी ६.०५

असं असेल तर एडिटिंग आणि रंगाचं काम मी करून देतो. मोबदला नको. चेहऱ्यावर दिव्याचा उजेड एकाच बाजूने ठेवा, दुसरी बाजू अंधारात जाऊ दे.

---

उपवनकर | मंगळवार, रात्री १०.१५

ठरलं. मुलं दोन दिवस फुरंगटली होती, युद्ध गेलं म्हणून. काल भाच्याने ते पान स्वतः वाचलं आणि रात्री साडेअकराला फोन करून विचारलं, 'मामा, आजीला विचारू का गिल्रेन करशील म्हणून?' माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तरुणपणी गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करायची. ती हो म्हणाली. मासुंदाताईंची ओळ तिने तीन वेळा म्हणून पाहिली, तिसऱ्यांदा थांबलीच मध्येच.

मुरबाडला भाच्याच्या मित्राचं जुनं मातीचं घर आहे, तिथे ऑक्टोबरमधला एक शनिवार-रविवार. बाकी जमवलंय. घोंगड्या दोन हव्यात, जुन्या, वापरलेल्या. कुणाकडे आहेत का?

---

गवतीचहा | मंगळवार, रात्री १०.२२

माझ्याकडे आहेत. सासऱ्यांची एक काळी, आणि एक पांढरी, कडेला उसवलेली. आजींना पांढरी द्या. रविवारी सकाळी नेरूळ स्टेशनला पूर्वेच्या बाजूला या, मी आणून देते. धुवू नका, उन्हात टाका फक्त.